ढाळ मॅडमचा डोंगर

ढाळ मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा अर्धा पेला प्यायच्या आणि उरलेला अर्धा त्याच घराच्या अंगणात ओतायच्या. ओतून लगेच उठायच्या नाहीत. उकिडव्या बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, ते पाणी कुठं जातं ते बघत राहायच्या. पाणी थांबेपर्यंत घरमालक, त्याची बायको, दारातलं कुत्रं आणि आढ्यावरचे पारवे, कुणी हलायचं नाही. आमच्या झाडीपट्टीत पाहुण्यानं हातातलं पाणी भुईवर ओतणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. एवढ्याशा कारणावरून ठरलेली सोयरीक मोडलेली मी पाहिली आहे. त्या हिशेबानं बाईंनी पहिल्याच आठवड्यात निम्म्या गावाशी सोयरीक मोडली होती.

आमच्याकडे त्या खोली बघायला आल्या. माय, म्हणजे माझी आई, पितळेचा पेला घेऊन बाहेर आली. बाई अर्धं पाणी प्यायल्या, बाकीचं सारवलेल्या अंगणात ओतलं आणि बसल्या. मायचा चेहरा असा झाला की जणू भर बाजारात कुणी तिचा पदर ओढला.

"काय वो बाई," ती म्हणाली, "आमच्या घरचं पाणी चालत नाही का तुमाले?"

"चालतं की आई. कुठं चालतं तेच बघतेय."

पाणी सरळ गोठ्यात शिरलं. बाई उठल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, तुमच्या अंगणाचा ढाळ गोठ्याकडे आहे, म्हैस पावसाळ्यात खोकत असेल. माय थिजली. म्हैस खोकत होती. कित्येक पावसाळे खोकत होती आणि माय त्याचा दोष शेजारणीच्या नजरेला देत आली होती. खोली त्याच दिवशी ठरली. पुढं मायनं चार टोपल्या मुरूम टाकून अंगणाचा ढाळ गोठ्याकडून फाटकाकडे फिरवूनही घेतला. शेजारणीशी बोलणं मात्र सुरू केलं नाही. म्हणाली, ढाळ आहे म्हणून नजर नसते असं थोडंच आहे.

आता गाव सांगतो. आंबागडच्या किल्ल्यावरून गोटा भिरकावला तर तो आमच्या तलावात पडतो, इतकं आमचं गाव जवळ. भिरकावणारा मात्र आमच्याच गावचा पाहिजे. या तलावापायीच मॅडम आल्या होत्या. माय लग्न होऊन आली तेव्हा त्यात हत्ती बुडाला असता म्हणतात. आता मधोमध बकरी उभी राहून निवांत रवंथ करते. तलाव मातीनं भरत चालला होता. पोटरीतल्या, म्हणजे लोंबी धरायच्या बेतात असलेल्या, धानाला शेवटचं पाणी द्यायची वेळ आली की तलाव हात वर करायचा. माती येते कुठून, ते शोधायचं आणि जिथून येते तिथं चर खोदून ती अडवायची, असं काम मंजूर झालं होतं. एका संस्थेनं त्या शोधासाठी या बाईंना पाठवलं. पन्नाशीची, धिप्पाड, सुती साडी, पायात पळायचे बूट. बोलणं पुण्याकडचं आणि आवाज असा की बाजारात भाव विचारला तर दुकानदार आपणहून भाव उतरवायचा.

त्यांचं खरं नाव आडनावासकट मला ठाऊक आहे, पण गावात ते कुणी वापरलं नाही. कशाचाही त्या आधी ढाळ विचारायच्या, म्हणून ढाळ मॅडम. खोलीत राहायला आल्या तेव्हा आधी लिंबू भुईवर ठेवून ते कुठं घरंगळतं ते पाहिलं आणि मग खाट लावली. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकाला गेल्या तर तेच लिंबू रंगमंचाच्या फळीवर ठेवलं. ते गडगडत नायकाच्या पायाशी गेलं. स्टेजचा ढाळ नायकाच्या बाजूला निघाला. इतकी वर्षं आमचा नायक नायिकेपेक्षा बुटका का दिसतो, हे कोडं त्या दिवशी सुटलं आणि अख्खी मंडळी तोंडात बोट घालून बसली. नायकाला एक वीट दिली. त्यानं त्या विटेवरून उतरायचं नाही म्हणून उरलेलं नाटक जागेवरच केलं, आणि लोक म्हणाले, असा गंभीर नायक पाहिला नाही.

दुसरी खोड उंचीची. तुम्ही आम्ही कुणाला भेटलो की तब्येत विचारतो, त्या समोरच्याला त्याच्या घराची उंची सांगत. एकदा चारचौघांत सरपंचाला सांगून बसल्या की गोपीभाऊंची चूल, म्हणजे आमची, तुमच्या देवघरापेक्षा हातभर उंच आहे. सरपंच घरी गेला तो गवंडी घेऊनच. देवघराचा ओटा वाढवत वाढवत त्यानं इतका वाढवला की आता आरतीला शिडी लागते. पण त्या दिवसापासून तो मॅडमवर डूख धरून राहिला. ते पुढं नडलं.

नकाशा त्यांनी आमच्याच अंगणात, खाटेवर लॅपटॉप ठेवून दाखवला. उपग्रहानं आकाशातून जमिनीची उंची मोजलेली असते. त्या उंचीवरून ढाळ कळतो, ढाळ आणि पाऊस आणि मातीचा पोत मिळून संगणक सांगतो की कुठून किती माती वाहून जाते. जास्त वाहते तिथं लाल. आमच्या सगळ्या शिवारावर एकच लालभडक पट्टा होता, जंगलाच्या काठानं. आणि त्या पट्ट्याच्या पोटात होती मायची बांधी.

बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी कोंडलेला धानाचा तुकडा. ही बांधी माझ्या बापानं आणि मायनं लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात गोटे वेचून केलेली. बाप गेला, बाकीची शेती आम्हा भावांत वाटली गेली, पण या बांधीला मायनं कुणाला हात लावू दिला नाही. तिथला बारीक वासाचा धान ती स्वतः रोवते. नकाशाप्रमाणे तिथून तीन चर जाणार होते, कमरेइतके खोल. पावसाळ्याच्या तोंडाशी खोदायची मशीन येणार होती. तीन चर गेले की बांधी उरत नाही, धुरे तेवढे उरतात.

मायनं ओरडाआरडा केला नाही. तिनं विचारलं, हे कोण म्हणते.

"आई, मी नाही म्हणत. उपग्रह म्हणतो."

"मंग आजपासून त्याच्याच घरी जेवाले जा."

आणि खरंच तिनं बाईंचं ताट मांडणं बंद केलं. बाईंचं जेवण साधं नव्हतं. त्यांनी भाताला हात घातला की शेजारच्या मोहाडी तालुक्यात धानाचा भाव चढायचा. ती बाई आठवडाभर बिस्किटांवर राहिली, पण नकाशातला लाल रंग तसूभर हलवला नाही. मी आपला दोघींच्या मधे. माय झोपली की हळूच भाकर पोचवायचो आणि बोलता बोलता विचारायचो, मॅडम, तो पट्टा जरा तिकडं, सरपंचाच्या शेताकडं सरकत नाही का? त्या भाकर खायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, रंग माझा नाही, ढाळ जमिनीचा आहे."

मग एका सकाळी त्या मला घेऊन बांधीवर गेल्या. सोबत पाण्याचा डबा. बांधीच्या मधोमध बसून पाणी ओतलं. पाणी जागच्या जागी पसरलं आणि उभं राहिलं. जागा बदलली, पुन्हा ओतलं. पाणी हलायला तयार नाही. बाईंनी मोबाइलवर नकाशा काढला. नकाशा म्हणत होता की आपण एका कड्याच्या पायथ्याशी बसलो आहोत, आणि कडा बांधीच्या धुऱ्यालगत सरळ वर चढतो. बाईंनी मान वर केली. मी पण केली. धुऱ्यापलीकडे जंगल होतं. साग, येन, मोह. जमीन इकडे जशी सपाट, तशीच झाडांखालीही सपाट.

त्या किती वेळ तशाच वर बघत होत्या, सांगता येत नाही. मला वाटलं, मानेची शीर धरली. मग अगदी हळू, त्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, म्हणाल्या, "गोपीभाऊ, हा डोंगर नाहीये. ही झाडं आहेत."

उपग्रहाला जमीन दिसलीच नव्हती. त्याला झाडांचे शेंडे दिसले आणि त्यानं शेंड्यांनाच जमीन समजून उंची लिहिली. शेंड्यावरून बांधीत एकदम उतार म्हणजे कडा. कडा म्हणजे ढाळ, आणि ढाळ म्हणजे माती वाहणार. सगळं गणित बरोबर, फक्त डोंगर खोटा. मी हादरलो. मी स्वतः बऱ्यापैकी थापा मारतो, जिल्ह्यात माझं नाव आहे, पण नसलेला डोंगर उभा करून त्यावरून माती वाहवायची, एवढी माझीही छाती झाली नसती.

बाईंनी तिथूनच संस्थेतल्या आपल्या साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाला, अहवाल वर गेला, मंजुरी आली, एवढं मागंपुढं चालतं. बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. फोन ठेवला. ज्या बाईचा आवाज कारध्याच्या पुलावर बोलली तर भंडाऱ्यात ऐकू जावा, ती येताना वाटभर गप्प, म्हणून मीच बडबडत राहिलो.

ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी दिलेला नकाशा चुकीचा आहे.

सभा गार पडली. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. अहो, आमच्या गावानं तहसीलदार पाहिले, इंजिनीयर पाहिले, बांधायच्या आधी फुटलेली धरणं पाहिली, पण आपण होऊन चुकलो म्हणणारा माणूस पाहिला नव्हता. म्हाताऱ्यांनी कानाला हात लावला. आनंद कुणालाच झाला नाही, भीती वाटली. पुढं काहीतरी भयंकर असणार, एवढंच लोकांना कळलं.

बाईंनी समजावून सांगितलं. झाडांचं सांगितलं. हेही सांगितलं की हा उपग्रह तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद चौकोनाला एकच उंची देतो. घरातल्या आजी, सून, नातू सगळ्यांची मिळून एक उंची काढावी आणि त्या मापाचे कपडे सगळ्यांना शिवावेत, तसं. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग सरपंच उठला.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमी बोलून राहिल्या का गोपीच्या घरची कोंबडी बोलून राहिली?"

हशा झाला. बाईंना एका क्षणात कळलं आणि मलाही कळलं. बांधी मायची. बाई राहतात मायच्या घरी. नकाशा बदलला तर वाचते ती मायचीच बांधी. खोट्या नकाशावर गावानं डोळे झाकून विश्वास ठेवला होता. खरं बोलल्यावर मात्र विश्वास ठेवायला कुणी तयार होईना. चर तिथंच होतील, असं ठरवून सभा उठली.

त्याच संध्याकाळी मॅडमनी आपली पेटी उचलली आणि शाळेमागच्या रिकाम्या खोलीत राहायला गेल्या. माय दारात आडवी उभी राहिली. भांडण विसरून तिनं त्या दिवशी ताट मांडलं होतं, वासाचा भात केला होता.

"माह्या घरी काय कमी पडलं तुमाले?"

"काही कमी नाही पडलं आई. पण तुमची बांधी खरंच वाचायची असेल तर मला तुमच्या घरी जेवता येणार नाही."

माय बाजूला झाली. वासाचा भात कुणीच खाल्ला नाही.

मग तो उन्हाळा. बाईंनी ठरवलं की उपग्रह राहू दे आकाशात, आपण जमीन जमिनीवरून मोजायची. तिपाईवरची दुर्बीण आणि आकडे लिहिलेली उंच पट्टी घेऊन त्या जंगलापासून तलावापर्यंत अख्खं शिवार हिंडल्या. अट एकच घातली. पट्टी धरणारा माणूस सरपंचाचा असेल, गोपीच्या घरचा नाही. सरपंचानं आपला सगळ्यात संशयी गडी दिला. ऊन असं की पाखरं झाडावरून शिजून पडत होती, निदान मला तसं आठवतं. दुर्बिणीला डोळा लावून मॅडमच्या एका डोळ्याभोवती काळं कडं पडलं. लोकांना वाटलं, सरपंचानं मारलं.

त्या मोजणीतून जे बाहेर आलं ते ऐकायला आम्ही तयार नव्हतो. आमचं शिवार म्हणजे पायऱ्या आहेत, एकीखाली एक बांध्या. प्रत्येकीला गुडघाभर उंच, हातभर रुंद धुरा. तीस मीटरच्या चौकोनात असा धुरा कुठं दिसणार? संगणकात आमच्या पायऱ्यांची सरळ घसरगुंडी झाली होती. हे एक. पण ज्याला धुरा दिसला नाही त्याला धुऱ्यातलं भोकही दिसलं नाही, आणि भोकं होती. धान कापायला पंजाबकडून हार्वेस्टर येतो. त्याला एका बांधीतून दुसरीत उतरायला वाट लागते. म्हणून आम्ही सगळ्यांनी एकमतानं धुरे फोडले होते. ड्रायव्हरला वळायचा कंटाळा, म्हणून सगळे एका रेषेत. गावात तेवढी एकच गोष्ट एकमतानं झाली होती आणि आम्हाला तिचा अभिमान होता. रोवणीच्या आधी जो तो आपापलं भगदाड चार फावडे चिखलानं बुजवायचा. जोराचा पाऊस आला की आधी तो चिखल जायचा.

हे बाईंनी सभेत सांगितलंच नाही. सभेचा त्यांना धडा मिळाला होता. दोन-तीन पाऊस होऊन जमीन भिजली, अजून रोवण्या लागल्या नव्हत्या, चर खोदायची मशीन यायला चार दिवस होते. त्यांनी पाण्याचा टँकर मागवला आणि गावाला म्हणाल्या, या माझ्याबरोबर. आयुष्यभर अर्धा पेला ओतणारी बाई आता अख्खा टँकर ओतणार म्हटल्यावर घरी कोण थांबतं? पाळण्यातली पोरं आणि खाटेवरची म्हातारी सुद्धा आली.

टँकर उभा केला तो मायच्या बांधीत. मी गडबडलो. जवळ जाऊन हळूच म्हणालो, मॅडम, खालून कुठून तरी सुरू करा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं पण नाही. "वाट इथून सुरू होते भाऊ. हार्वेस्टर पांदणीच्या रस्त्यावरून आधी इथंच उतरतो."

तोटी सोडली. बांधीत उभं राहणारं पाणी या वेळी उभं राहिलं नाही. मायच्या धुऱ्यातलं बुजवलेलं भगदाड शोधून काढलं, चिखल ढकलला आणि खालच्या बांधीत उडी मारली. तिथून थेट समोरच्या भगदाडात. मग त्याच्या खालच्या. शंभर माणसं त्या पाण्याबरोबर धुऱ्यांवरून चालत होती. ज्याची बांधी येई तो आपल्या भगदाडाकडे बघे आणि मागं सरके. पाणी आधी गढूळ, मग तांबडं, मग चहाहून दाट. सरपंचाच्या बांधीतून ते गेलं तेव्हा त्यानं टोपी काढून हातात घेतली. पाणी तलावापर्यंत गेलं. काही लोक म्हणतात, मधेच जिरलं. ते लोक उशिरा आले होते.

मी मागं वळून पाहिलं तर माय आमच्या बरोबर आलीच नव्हती. ती वर, आपल्या बांधीत उभी होती. मी धावत गेलो. मला वाटलं, आता ही बाईंना शिव्या घालणार. ज्या बाईसाठी वासाचा भात केला, तिनंच अख्ख्या गावापुढं आपल्याच बांधीपासून सुरुवात केली. माय त्या भगदाडाकडे बघत होती.

"गोपी, फावडा आन."

आणला. तिनं मला हात लावू दिला नाही. दगड रचले, माती दाबली, पायानं तुडवली. मॅडम धापा टाकत वर चढून आल्या आणि तिच्याजवळ उभ्या राहिल्या. मायनं मान वर न करता विचारलं, आता हार्वेस्टर कुठून उतरन. मॅडमनी दाखवलं. भगदाड एका रेषेत नको, या बांधीला या कोपऱ्यात, खालचीला त्या कोपऱ्यात, आणि कापणी झाली की लगेच दगड लावून बंद. पाणी वाकडं चाललं की दमतं, माती टाकून देतं. खालच्या बांधीतून सरपंच बघत होता. त्यानंही फावडा मागवला. त्यानं मागवल्यावर मग काय, फावड्यांची टंचाई झाली.

चर कुणाच्याच बांधीत खोदले नाहीत. मॅडमच्या साहेबांनी कसा कोण जाणे कागद फिरवला. हार्वेस्टरचा ड्रायव्हर त्या वर्षी नागमोडी वळताना पंजाबीत काय काय बोलला, ते कुणाला कळलं नाही ते बरं झालं. आणि तलाव? मी सगळ्यांना सांगतो की पुढल्या वर्षी पाणी इतकं नितळ झालं की तळ दिसला. माय म्हणते, "गोपी, तळ आटल्यावरबी दिसते." पण शेवटचं पाणी धानाला मिळालं, हे तीही कबूल करते.

काम संपलं आणि बाईंची बदली झाली. दुसरा जिल्हा, दुसरा नकाशा. जीप दारात उभी होती. शाळेमागच्या खोलीतून पेटी आली ती आधी आमच्या अंगणात. मायनं तोच पितळेचा पेला भरून दिला. आम्ही सगळे सवयीनं मागं सरकलो, ओतायला जागा केली.

बाईंनी पेला तोंडाला लावला आणि पूर्ण प्यायल्या. उपडा करून दाखवला, एक थेंब पडला नाही.

"वतलं नाही बाई?" मायचा आवाज घाबरल्यासारखा झाला.

"नाही आई. इथलं मला माहीत आहे."

जीप गेली. धूळ खाली बसली. मी गोठ्याकडे वळलो, चार कामं होती. परत आलो तर माय अंगणात उकिडवी बसली होती, पेला भुईवर, आणि समोर अर्धा पेला पाणी सारवणावरून हळूहळू चाललं होतं. मी विचारलं, काय पाहून राहिली माय?

"बाई गेली तिकडंच जाते का, पाहून राहिली."

पाणी फाटकापर्यंत गेलं आणि थांबलं.